दुखवट्याच्या घरचा नाताळ

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त रत्नागिरी येथे भरलेल्या सभेत झालेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी गतकालाचे स्मरण व्हावे, पूर्वीच्या धर्मगुरूंच्या व धर्मभगिनींच्या श्रमांचे गुणगान व्हावे, हे सर्वथा योग्यच आहे. आणि आमच्या आधीच्या वक्त्यांनी ते काम उत्तम रीतीने केले आहे. आम्ही आज जो विषय घेतला आहे तो त्या मानाने लहान, किंबहुना काहींस चमत्कारिकही वाटेल. पती अगर पत्नी यांच्या वियोगाने शोकाकुल झालेला मनुष्य नाताळच्या दिवसांत एकटाच घराबाहेर पडतो, ठिकठिकाणचे गोठे, तारे व रोषणाई पाहत हिंडतो, आणि त्यांची छायाचित्रे घेतो. त्याच्या या वागण्याचा अर्थ काय, व त्याच्याविषयी आपले कर्तव्य कोणते, एवढाच आमचा विषय आहे. जो समाज महोत्सव करितो त्याने आपल्यातील दुखवट्याच्या घरांची वास्तपुस्त आधी करावी, असे आम्हांस वाटते. आनंदाच्या घरी सण आपोआप साजरा होतो. दुःखाच्या घरी तो कसा पोहोचतो, यातच समाजाची परीक्षा आहे.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. त्यांची अनुमती घेऊनच आम्ही हे सांगत आहो; नाव मात्र सांगत नाही. त्यांस छायाचित्रणाचा नाद पहिल्यापासूनच आहे. नाताळच्या अष्टकात पतिपत्नी दोघे मिळून मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी अशा ठिकाणी जात, आणि देवळांतील व घरांतील गोठे पाहत. ते चित्र घेत व बाई शेजारी विजेरी धरून उभ्या राहत. "थोडे डावीकडून घ्या, तुमच्या चित्रात मेंढरू झाकले जाते," असे त्या सांगत. आणि बहुधा त्यांचेच म्हणणे खरे ठरे. एका पावसाळ्यात त्या अल्पशा आजाराने निवर्तल्या. पुढे डिसेंबर आला. नातलगांनी सांगितले की, यंदा घरीच बसावे. हे गृहस्थ मात्र नेहमीप्रमाणे कॅमेरा घेऊन निघाले. एकटेच गेले आणि एकटेच परत आले. मागून लोक बोलू लागले: "बायको जाऊन सहा महिने झाले नाहीत, आणि यांस रोषणाई सुचते!" हे बोलणे त्यांच्या कानी गेले. परंतु आमच्यापाशी त्यांनी तक्रार केली ती त्या बोलण्याची नव्हे. ते एवढेच म्हणाले, "फादर, चित्रे बरी आली आहेत. पण आता ती दाखवू कोणाला?"

बंधुभगिनींनो, या एका प्रश्नात आजच्या भाषणाचे सारे सार आहे.

प्रथम लोकापवादाचा विचार करू. आपल्यात अशी वहिवाट आहे की, ज्या घरी मृत्यू झाला त्या घरावर त्या वर्षी नाताळचा तारा लावीत नाहीत, नेवऱ्या व कुलकुले करीत नाहीत. आपल्या हिंदू शेजाऱ्यांचीही रीत अशीच आहे. दुखवट्याच्या वर्षी दिवाळीची कढई चुलीवर चढत नाही. ही रीत आम्ही वाईट म्हणत नाही. जो गेला त्याची जागा इतक्या लवकर भरून निघावयाची नाही, हे त्या बिनताऱ्याच्या दारावरून जाणाऱ्यायेणाऱ्यास न बोलता समजते. परंतु या रीतीचे एक दुसरे अंग आहे, ते विसरता कामा नये. घरी फराळ करावयाचा नसतो, पण शेजारी व आप्त आपल्या घरचा फराळ ताटात घालून, वर रुमाल झाकून, त्या घरी पाठवितात. म्हणजे सण त्या घरास वर्ज्य नसतो. फक्त तो त्या वर्षी त्यांनी स्वतः करावयाचा नसतो, दुसऱ्यांकडून घ्यावयाचा असतो. पूर्वजांनी शोक आणि सण यांची जी सांगड घातली, ती ही अशी.

आता याच दृष्टीने त्या गृहस्थांकडे पाहा. त्यांनी स्वतःच्या घरावर तारा लाविला नव्हता, आणि स्वतःच्या घरी गोठाही मांडिला नव्हता. ते दुसऱ्यांच्या दारचा प्रकाश पाहावयास गेले. फराळ जसा शेजारच्या घरून येतो तसा नाताळही त्यांनी शेजारच्या घरून घेतला. यात शोकाचा अनादर कोठे झाला? आमच्या मते ही दुखवट्याची रीत मोडणे नव्हे, पाळणेच होय.

गोठ्याचा इतिहासही हेच सांगतो. इ. स. १२२३ च्या नाताळात इटलीतील ग्रेचो या गावी संत फ्रान्सिस यांनी जो देखावा रचिला, तो आपल्या सर्व गोठ्यांचा मूळपुरुष होय. त्या गोष्टीस २०२३ साली आठशे वर्षे पूर्ण झाली. त्या वेळी तेथे मूर्ती नव्हत्या. गवताने भरलेली गव्हाण, एक बैल आणि एक गाढव, एवढाच सरंजाम होता. त्या गव्हाणीवर मिस्सा झाली, आणि आसपासचे लोक मशाली व मेणबत्त्या घेऊन रात्री गोळा झाले. फ्रान्सिस यांचे मनोगत असे होते की, बेथलेहेमच्या बालकास कोणत्या हालअपेष्टांत जन्म घ्यावा लागला, ते एकदा या चर्मचक्षूंनी पाहावे. त्यांचे चरित्रकार तोमास चेलानो यांनी असेही लिहून ठेविले आहे की, जमलेल्यांतील एका सत्पुरुषास त्या गव्हाणीत एक निश्चेष्ट बालक दिसले, आणि फ्रान्सिस जवळ जाताच ते गाढ निद्रेतून उठावे तसे जागे झाले. यानंतर तीनच वर्षांनी, १२२६ साली, फ्रान्सिस परलोकवासी झाले. तेव्हा गोठा हा आरंभापासूनच पाहण्यासाठी आहे. आणि त्या पहिल्या गोठ्याच्या कथेत निश्चेष्ट बालकाचे दर्शनही आहे. पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच ग्रेचो गावी गोठ्याविषयीच्या आपल्या पत्रावर स्वाक्षरी केली, आणि घरांप्रमाणेच शाळा, इस्पितळे, तुरुंग व चौक येथेही गोठे मांडण्याच्या चालीस उत्तेजन दिले. इस्पितळ आणि तुरुंग या जागा दुःखाच्याच आहेत. गोठ्यास तेथे मज्जाव नाही, तर दुःखी माणसास गोठ्यापाशी मज्जाव कसा असावा?

कोणी म्हणेल, पाहावयास हरकत नाही, पण चित्रे कशास? डोळे मिटून प्रार्थना करावी. प्रार्थना करावीच, परंतु छायाचित्र घेणाऱ्याच्या हातून काय घडते तेही समजून घ्यावे. ही कला फार जुनी नव्हे. १८३९ साली पॅरिस येथे डागेर यांची पद्धत जगास जाहीर झाली, आणि १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांचे मंडळ स्थापन झाले. कलेचा प्रसार इकडे इतक्या त्वरेने झाला. 'कॅमेरा' हा शब्द लॅटिन असून त्याचा अर्थ केवळ 'खोली' असा आहे. एका अंधाऱ्या खोलीस बारीक छिद्र पाडिले असता बाहेरच्या उजेडातील वस्तूंचे चित्र समोरच्या भिंतीवर उलटे उमटते. या अनुभवावरून ते नाव पडले. ज्याचे माणूस गेले तोही अशाच अंधाऱ्या खोलीत बसलेला असतो, आणि बाहेरचे जग त्यास उलटेच दिसत असते. छिद्र बुजवून टाकिले तर तेवढेही दिसणार नाही.

शिवाय या कामास जी शिस्त लागते ती पाहा. रात्रीच्या रोषणाईचे चित्र घेण्यास काळोख पडेपर्यंत थांबून चालत नाही. सूर्य बुडाल्यावर आकाशात जी निळसर प्रभा थोडा वेळ राहते, तिच्यात ताराही उजळ दिसतो आणि घराची कौलेही दिसतात. डिसेंबरअखेर आपल्या रत्नागिरीस सूर्य सहानंतर काही मिनिटांत मावळतो, त्यापुढची वीस-पंचवीस मिनिटे काय ती हाती असतात. गोठ्यात मिणमिणता दिवा असेल तर कॅमेऱ्याचा झगझगीत दिवा लावून उपयोग नाही. त्या लखलखाटात गोठ्याचा दिवा मरून जातो. म्हणून कॅमेऱ्याचे झडप अधिक वेळ उघडे ठेवावे लागते, आणि तितका वेळ हात हलता कामा नये. तिकाटणे असल्यास बरे. नसल्यास भिंतीस टेकून, श्वास रोधून उभे राहावे लागते. आता शोकात मनुष्याचे काय होते ते ज्यांनी भोगले त्यांस ठाऊक आहे. एका जागी उभे राहवत नाही, एका वस्तूवर दृष्टी ठरत नाही, दिवसाची वेळ कळत नाही. कॅमेरा त्यास ठराविक वेळी घराबाहेर काढितो, एका ठिकाणी उभे करितो, आणि क्षणभर एकाच वस्तूकडे पाहावयास लावितो. हे औषध नव्हे, परंतु पथ्य निश्चित आहे.

आमच्या महाराष्ट्रातच याचे एक उदाहरण आहे. धुंडिराज गोविंद फाळके यांस सर्व जग भारतीय चित्रपटांचे जनक म्हणून ओळखते. परंतु त्याआधी ते गोध्रा येथे छायाचित्रकाराचा धंदा करीत होते. १९०० सालच्या सुमारास प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी व मूल दोन्ही गेली, आणि त्यांनी ते गाव सोडिले. गाव सोडिले, परंतु कॅमेरा सोडिला नाही. १९०३ साली ते पुरातत्त्व खात्यात छायाचित्रणाचे व आरेखनाचे काम करू लागले. त्यांचा दुसरा विवाहही झाला होता, आणि त्यांची द्वितीय पत्नी सरस्वतीबाई त्यांच्या उद्योगात खांद्यास खांदा लावून उभी राहिली. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांच्या पाहण्यात जो चित्रपट आला, व ज्यामुळे त्यांच्या आयुष्यास निराळे वळण लागले, तो प्रभू येशूच्या चरित्रावरील होता. परक्या धर्माचा तो देखावा पाहून त्यांच्या मनात आपल्या देवादिकांची चित्रे उभी राहिली, आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. त्यांच्या अंतःकरणात काय चालले होते ते सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु इतके खरे की, ज्याच्या घरात मृत्यू शिरला होता त्याने पाहण्याचे काम थांबविले नाही, आणि दुसऱ्यांच्या देखाव्यातून त्यास स्वतःचे काम सापडले.

येथवर आम्ही पुरुषांची उदाहरणे दिली. आता जे सांगावयाचे ते अधिक अवघड आहे. त्या गृहस्थांविषयी लोक बोलले खरे, पण चार दिवसांनी गप्प बसले. त्यांच्या जागी एखादी विधवा असती, आणि काळी वस्त्रे लेऊन ती मोबाईलने शेजारच्या ताऱ्याचे चित्र घेत सायंकाळी रस्त्यावर उभी राहिली असती, तर लोक चार दिवसांत गप्प बसले असते काय? विधुरास एक माप व विधवेस दुसरे, हा अन्याय आपल्या दोन्ही समाजांत पुरातन आहे. आपल्या या नगराने तर एका राणीचेही वैधव्य पाहिले आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १९१६ सालच्या डिसेंबरात येथेच निधन पावला. त्याची राणी सुपायालत १९१९ साली मायदेशी परतली ती पतीस येथील मातीत ठेवून. पतीविना परतणे राणीसही चुकले नाही. याच रत्नागिरी जिल्ह्याचे सुपुत्र धोंडो केशव कर्वे स्वतः विधुर होते. त्यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला, लोकांचा बहिष्कार सोसला, आणि १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढिला. इतके होऊनही, शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावच्या ग्रामपंचायतीस बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे इत्यादी चाली बंद करण्याचा ठराव करावा लागला तो ४ मे २०२२ रोजी. आणि त्याच महिन्यात शासनाने त्या ठरावाचे अनुकरण करण्यास इतर ग्रामपंचायतींस सांगितले. कर्व्यांच्या विवाहापासून हेरवाडच्या ठरावापर्यंत एकशे एकोणतीस वर्षे लोटली. आम्ही ख्रिस्ती लोक बांगड्या फोडीत नाही म्हणून आपल्यावर हा दोष येत नाही, असे कोणी समजू नये. नजरेनेही पुष्कळ काही फोडिता येते.

आणि आपल्या शुभवर्तमानात तर विधवेस किती मोठे स्थान दिले आहे! संत लूक यांच्या दुसऱ्या अध्यायात हन्ना नावाची एक वृद्ध संदेष्ट्री आहे. विवाहानंतर तिला सातच वर्षे पतीचा सहवास लाभला. पुढे दीर्घकाळ वैधव्यात राहून ती चौऱ्यांशीचा आकडा गाठती झाली. मंदिर सोडून ती कोठे जात नसे. मारिया व योसेफ बालकास अर्पण करण्याकरिता घेऊन आले तेव्हा ती नेमकी त्याच घटकेस तेथे आली, तिने बालकास पाहिले, आणि मग जे जे आशेने वाट पाहत होते त्यांस ती त्याच्याविषयी सांगू लागली. यात दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली ही की, शोकात आयुष्य घालविलेल्या त्या बाईचे डोळे मंद झाले नाहीत. मंदिरातल्या गर्दीत तिने ओळखावयाचे ते ओळखले. दुसरी ही की, पाहिलेले तिने स्वतःपाशी ठेविले नाही; आणि ऐकावयास लोक होते. ऐकणारे नसते तर हन्नेचे सांगणे मंदिराच्या भिंतींतच विरले असते.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळू. चित्र घेणे हे निम्मे काम आहे. "हे पाहा," असे म्हणून ते कोणापुढे तरी धरणे हे उरलेले निम्मे. तीस वर्षे ज्या माणसाकडे पाहून "हे पाहा" म्हटले, ते माणूस गेले म्हणजे हात चित्र घेतो, पण वाक्य अर्धेच राहते. पतिपत्नींच्या सहवासातील पुष्कळ भाग अशाच क्षुल्लक वाक्यांचा असतो: हे पाहा, हे चाखा, हे ऐकलेत का. मृत्यू मोठमोठ्या गोष्टी नेतो त्या आपणांस दिसतात व त्यांविषयी आपण सांत्वनही करितो; ही लहान वाक्ये नेतो ती कोणास दिसत नाहीत.

मृताची जागा आपण घेऊ शकत नाही, आणि घेण्याचा आव आणणेही उद्धटपणाचे होईल. परंतु ते अर्धे वाक्य पुरे करणे आपल्या हाती आहे, आणि त्यास द्रव्य लागत नाही. म्हणून आम्ही धर्मग्रामापुढे काही साध्या सूचना ठेवितो.

एक: दुखवट्याच्या घरी फराळाचे ताट पाठविण्याची चाल सुटत चालली आहे, ती सोडू नये, आणि ते नोकराहाती न पाठविता स्वतः न्यावे. दोन: तुमच्या घरचा गोठा पाहावयास कोणी एकटे आले, तर "एकटेच आलात?" असे विचारू नये. खुर्ची द्यावी, आणि गोठा कसा केला ते सांगावे: पेंढा कोठून आणिला, जांभ्या दगडाची गुहा कोणी रचिली, ताऱ्याच्या कामट्या कोणी तासल्या, परातीत नाचणी रुजवून हिरवे शेत केले ते केव्हा पेरले होते. शोकाकुल माणसास उपदेशापेक्षा अशा बोलण्याने अधिक बरे वाटते. तीन: चित्रे घेणाऱ्यांसही एक विनंती. दुसऱ्याच्या घरचा देखावा, विशेषतः मुलेबाळे, चित्रात घेण्यापूर्वी घरधन्यास विचारावे; त्या विचारण्यातूनच पुष्कळदा ओळख होते. चार: जो मनुष्य कॅमेऱ्याआड तोंड लपवूनच राहतो, ज्याचे अन्न तुटले, झोप उडाली, आणि महिने लोटले तरी जो कोणाशी बोलत नाही, त्यास केवळ चित्रांच्या भरवशावर सोडू नये. त्यास डॉक्टरांकडे न्यावे. त्यात लाज नाही, आणि श्रद्धेची उणीवही नाही.

शेवटची सूचना ही की, २ फेब्रुवारी रोजी, म्हणजे नाताळानंतर चाळिसाव्या दिवशी, येशूच्या मंदिरातील अर्पणाचा सण येतो. हन्नेने बालकास पाहिले तो हाच दिवस. जुन्या वहिवाटीप्रमाणे कित्येक ठिकाणी गोठा तोपर्यंत ठेवीत असत. त्या दिवशी मेणबत्त्यांचा आशीर्वाद व मिस्सा झाल्यावर धर्मग्रामाच्या दिवाणखान्यात एक लांब मेज मांडावे; ज्यांनी ज्यांनी नाताळचे देखावे टिपिले असतील त्यांनी आपली चित्रे तेथे आणावी, आणि इतरांनी ती सावकाश पाहावी. बक्षिसे ठेवू नयेत, क्रमांक लावू नयेत. मोबाईलवर आपण रोज शेकडो चित्रे बोटाने पुढे सरकवितो. येथे मात्र एका चित्रापाशी थांबावे, आणि ज्याने ते घेतले त्यास विचारावे की, हे कोठले, त्या वेळी कोण बरोबर होते, आणि पूर्वी कोण बरोबर असे. हा शेवटचा प्रश्न विचारावयास आपण भितो, कारण समोरच्याचे डोळे भरतील असे वाटते. भरू द्यावे. गेलेल्या माणसाचे नाव कोणी काढीत नाही, याचेच दुःख त्यास अधिक असते.

असो. आमचे भाषण लांबले. आपला धर्मग्राम संख्येने थोडा आहे. या नगरात आपली घरे एकमेकांपासून दूर दूर विखुरलेली आहेत, आणि नाताळच्या रात्री एका ताऱ्यापासून दुसऱ्या ताऱ्यापर्यंत पुष्कळ अंधार चालावा लागतो. तो अंधार कोणी एकट्याने चालत असेल, तर पुढच्या दारी त्याची वाट पाहणारे कोणीतरी असावे, एवढेच मागणे आहे. परमेश्वर आपल्या दिवंगतांस चिरशांती देवो, आणि मागे राहिलेल्यांस सोबत देवो.